ताटातला किडा काय खाऊन आला?

कीटक माणसाने खाणे कितपत सुरक्षित आहे, यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : फाटे न फोडता सांगा, किडे खाणे सुरक्षित आहे की नाही? हो किंवा नाही, एवढेच हवे आहे.

उत्तर : तेवढेच देता येत नाही. ‘झाडपाला खाणे सुरक्षित आहे का’ असे विचारल्यासारखे हे झाले. पालक आणि धोतरा दोन्ही झाडपालाच. जगात १९०० हून अधिक प्रजातींचे कीटक खाल्ले जातात आणि बहुतेकांचा त्रास कोणाला होत नाही. पण ‘किडा’ म्हणून एक खाद्यपदार्थ नाही. कोणता किडा, तो काय खाऊन वाढला, मेल्यावर त्याचे काय केले आणि खाणाऱ्याला कशाची ॲलर्जी आहे, या चार गोष्टी कळल्याशिवाय उत्तर निघत नाही. युरोपीय संघाने २०२१ ते २०२३ या काळात चारच प्रजातींना नवे अन्न म्हणून परवानगी दिली : पिवळा मीलवर्म (पिठात वाढणाऱ्या भुंगेऱ्याची अळी), त्याचा लहान भाऊ म्हणावा असा छोटा मीलवर्म, स्थलांतरी टोळ आणि घरगुती रातकिडा. तीही ठरावीक रूपात (गोठवलेले, सुकवलेले, पूड) आणि पाळून वाढवलेल्यांनाच. सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये १६ प्रजातींना मान्यता दिली. दोन्हीकडे तपासणीचा भर किड्याच्या जातीइतकाच त्याच्या खाद्यावर आणि प्रक्रियेवर आहे.

प्रश्न : मला कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात. एका बिस्किटाच्या पुड्यावर ‘रातकिड्याची पूड’ असे वाचले. पूड भाजलेली असते, बिस्किटही भाजलेले असते. मग खायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. खाऊ नका, चाखूनही बघू नका.

कोळंबी, खेकडा आणि कीटक हे सगळे संधिपाद, म्हणजे एकाच मोठ्या कुळातले प्राणी. यांच्या स्नायूंमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि ते सगळ्यांमध्ये इतके सारखे असते की कोळंबीवर चिडणारी शरीराची यंत्रणा रातकिड्यावरही चिडते. आर्जिनिन कायनेज हे दुसरे प्रथिनही याच यादीतले. तुमचा ‘भाजलेले आहे’ हा मुद्दा इथे उपयोगी पडत नाही, कारण ट्रोपोमायोसिन उष्णतेला दाद देत नाही. भाजल्याने जंतू मरतात, ॲलर्जी मरत नाही. नेदरलँड्समध्ये कोळंबीची ॲलर्जी असलेल्या १५ जणांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली मीलवर्म खायला दिले, तेव्हा १३ जणांना ॲलर्जी दिसली.

घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म माइटची ॲलर्जी असणाऱ्यांनाही (सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते ते) हाच इशारा लागू आहे. युरोपात अशा पदार्थांच्या वेष्टनावर कवचधारी प्राणी (कोळंबी, खेकडा) आणि धुळीतले माइट यांचा, आणि काही प्रजातींच्या बाबतीत मृदुकाय प्राण्यांचाही (शिंपले, कालवे), उल्लेख करावा लागतो, तो याच कारणाने. एक बाजू सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : अळी गव्हाच्या कोंड्यावर वाढली असेल तर तिच्या आतड्यात गहू असतो. ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे, त्यांनी ‘हे तर मांस, यात गहू कुठून येणार’ असे धरून चालू नये.

ज्यांना यातले काहीच नाही, त्यांनीही पहिल्यांदा खाताना चमचाभरच खावे, सोबत दुसरा नवा पदार्थ नको, दारू नको आणि खाऊन लगेच धावायला किंवा व्यायामाला जाऊ नये. दारू आणि व्यायाम या दोन्हींमुळे प्रतिक्रिया भडकू शकते. पुढचे दोन तास घशात खाज, ओठ-जीभ सुजणे, अंगावर गांध्या, उलटी, धाप यांकडे लक्ष ठेवा. धाप लागली किंवा चक्कर आली तर ॲलर्जीची गोळी घेऊन वाट पाहत बसायचे नाही. तेव्हा ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते आणि त्यासाठी थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : जिवंत मीलवर्म मिळाले तर स्वयंपाकघरात त्यांचे नेमके काय करायचे? तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजले की झाले, असे सगळे सांगतात.

उत्तर : नुसते भाजून भागत नाही, आणि हीच चूक सर्रास होते. कोरड्या उष्णतेत अळीचे बाहेरचे आवरण आधी सुकते, रंग येतो, वास सुटतो. आतले तापमान मात्र मागे राहते. दहा मिनिटे भाजलेल्या अळ्यांमध्येही आतड्यातले काही जंतू जिवंत सापडले आहेत. पाच मिनिटे उकळल्यावर ते उरत नाहीत. म्हणून आधी उकळणे, मग भाजणे. हा क्रम उलटवू नका.

अर्धा किलो अळ्या धरून सांगतो.

आधी चाळा. बारीक जाळीच्या चाळणीतून विष्ठा (ती बारीक वाळूसारखी दिसते) आणि उरलेला कोंडा खाली पडतो. टाकलेल्या काती हलक्या असतात, त्या फुंकरीने उडतात. मग अळ्या पसरून नीट बघा. जिवंत अळी सोनेरी, घट्ट असते आणि बोट लावले की वळवळते. काळी पडलेली, लिबलिबीत, हाताला ओलसर लागणारी अळी आधीच मेलेली असते. ती वेचून टाका. चार-दोन असतील तर वेचा, मूठभर निघाल्या तर सगळा लॉट टाका. डबा उघडताना अमोनियाचा झणका आला तरीही तेच.

नंतर २४ तास उपाशी ठेवा, हवा खेळेल अशा उथळ डब्यात. यामागे काय आहे याबद्दल गैरसमज फार. उपाशी ठेवल्याने जंतूंची संख्या फारशी घटत नाही. आतड्यातले अन्न आणि विष्ठा कमी होते, चव सुधारते, खाद्यातून आलेले अवशेष कमी होतात, एवढाच लाभ. तेव्हा ‘उपास घडवला, आता उकळायची गरज नाही’ असे समीकरण मांडू नका. रातकिडे असतील तर उपासाच्या काळात पाणी आणि लपायला पुठ्ठा ठेवा, नाहीतर ते एकमेकांना खातात.

मग फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर एक दिवस. थंडीने अळी मरते, जंतू नुसते झोपतात. ताज्या अळीच्या एका ग्रॅममध्ये जंतूंची संख्या सहज एक कोटीच्या वर जाते, आणि बर्फातून बाहेर आले की ते कामाला लागतात. म्हणून ओट्यावर ठेवून वितळवायच्या नाहीत. फ्रीझरमधून काढा, गार पाण्याने दोनदा धुवा आणि सरळ उकळत्या पाण्यात टाका.

पाणी भरपूर हवे : अर्ध्या किलोला किमान तीन लिटर, तेही दोन वेळा विभागून. गोठलेल्या अळ्या पडल्या की उकळी मोडते. पुन्हा खळखळून उकळी आली की तिथून पाच मिनिटे मोजा, टाकल्या क्षणापासून नाही.

आता खरी नाजूक जागा येते. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंचे बीजाणू (टणक आवरणातले त्यांचे झोपलेले रूप) उकळत्या पाण्यातही टिकतात. यातला बॅसिलस सीरियस आपल्याला त्रास देणारा. उकळलेल्या ओल्या अळ्या झाकून कोमट ठेवल्या की बीजाणू फुटतात, जंतू वाढतात आणि त्यांतले काही असे विष सोडतात की परत गरम करूनही ते नष्ट होत नाही. त्यामुळे गाळून लगेच ताटात पातळ थर करून पसरा, वाफ जाऊ द्या, आणि दोन तासांच्या आत एकतर शिजवून खा, नाहीतर पाच अंशांखाली फ्रिजमध्ये जाऊ द्या. फ्रिजमधलेही दुसऱ्या दिवसापलीकडे नको.

साठवायच्या असतील तर ओव्हनमध्ये ७० ते ८० अंशांवर वाळवा, दार किंचित उघडे ठेवून. वाळल्या का हे डोळ्याने ठरवू नका, वजनकाट्याने ठरवा. मीलवर्ममध्ये सुमारे ६० टक्के पाणी असते. म्हणजे ५०० ग्रॅमचे २०० ग्रॅमच्या आसपास झाले पाहिजेत. रातकिड्यांत पाणी जास्त, सुमारे ७० टक्के. तिथे १५० ते १६० ग्रॅम उरतात. वजन अडून बसले की मधली एक अळी मोडा. कट्कन तुटली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे आणि तीच पुढे बुरशीला जागा देते. वाळलेल्या मीलवर्ममध्ये चरबी तीस टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे त्या खवट लवकर होतात. घट्ट झाकणाचा डबा, अंधार, गारवा. पूड हवी असेल तर लागेल तेव्हाच दळा. पुडीला हवा सगळीकडून लागते.

प्रश्न : पक्ष्यांना आणि सरड्यांना घालायचे सुके मीलवर्म सहज मिळतात. तेच आपण खाल्ले तर?

उत्तर : नाही. वाळवलेले म्हणजे जंतुमुक्त नव्हे. थंडीत गोठवून वाळवण्याच्या पद्धतीत तर जंतूही छान जपले जातात. प्रयोगशाळेत जंतू साठवायची तीच रीत आहे. शिवाय त्या अळ्यांना काय खाऊ घातले, हे माणसाच्या अन्नाच्या नियमाने कोणी तपासलेले नसते. घरी आणून उकळल्या तर जंतू जातील, पण जड धातू आणि आधीच तयार झालेले विष उकळून जात नाही.

प्रश्न : घरातले खरकटे, भाज्यांची साले, उरलेले अन्न यावर अळ्या वाढवून खाल्ल्या तर कचराही संपेल आणि प्रथिनेही मिळतील. कल्पना कशी वाटते?

उत्तर : कचरा संपवायला उत्तम, खायला नको. अळी ही गाळणी नाही, साठवण आहे. मीलवर्म खाद्यातले आर्सेनिक अंगात साठवतो, काळ्या सैनिक माशीची अळी कॅडमियम साठवते. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाचे मात्र तसे होत नाही, मीलवर्ममध्ये ते फारसे साचत नाही. पण म्हणून बुरसटलेला कोंडा घालायचा परवाना मिळत नाही, कारण शेवटच्या दिवसाचे खाद्य आतड्यात असतेच. युरोपात पाळीव कीटकांना कायद्याने शेतीतल्या जनावरांचा दर्जा आहे आणि खरकटे, शेण, विष्ठा हे त्यांचे खाद्य म्हणून चालत नाही.

खाण्यासाठीच वाढवायच्या असतील तर माणसाने खावा अशा दर्जाचा कोरडा कोंडा आणि पाण्यासाठी गाजराचे काप. काप रोज बदला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याखालचा कोंडा ओला होऊन गोळे धरतो, बुरशीची सुरुवात तिथेच होते. सालींवर कीटकनाशक असेल तर ते आधी तुम्हाला नाही, अळ्यांना कळते : एका रात्रीत निम्मा डबा मरून पडू शकतो. असा डबा उरलेल्यांसह टाकायचा. डब्यावर जाळी घट्ट हवी, उंदीर फिरकता कामा नये. उंदरांच्या विष्ठेतून एका जातीच्या पट्टकृमीची अंडी पिठातल्या भुंगेऱ्यांच्या पोटात जातात, तिथे वाढतात, आणि तो किडा कच्चा खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी धरतो. शिजवल्यावर हा धोका नाही.

कोंबड्यांच्या खुराड्यातल्या बिछान्यात सापडणारे छोटे मीलवर्म फुकट मिळतात म्हणून गोळा करू नका. प्रजाती मान्यतेच्या यादीतली असली तरी तिथे ती साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची वाहक असू शकते.

प्रश्न : रानातले, शेतातले किडे तर नैसर्गिक. त्यांना औषध नाही, खाद्य नाही. ते जास्त चांगले नव्हेत का?

उत्तर : नैसर्गिक विषही नैसर्गिकच असते. कँथरिडिन सोडणारे भुंगेरे (स्पर्श झाला तर कातडीवर फोड येतो ते) हे ठळक उदाहरण. अवघे दहा-वीस मिलिग्रॅम कँथरिडिनही माणसाच्या जिवावर उठू शकते आणि शिजवून ते जात नाही. यांतले बरेच काळ्यावर नारिंगी किंवा लाल पट्ट्यांचे असतात. भडक रंग, डिवचले की फेस किंवा घाण वास, आणि माणूस जवळ आला तरी पळायची घाई नाही, ही तिन्ही ‘मला खाऊ नका’ अशी पाटी समजावी. पण उलटे खरे नाही : मळकट, चपळ किडा म्हणजे बिनविषारी असे नव्हे. केसाळ सुरवंटाचे केस घशात आणि जिभेत रुततात. काही फुलपाखरांच्या अळ्या ज्या वनस्पतीवर वाढतात तिचे हृदयावर परिणाम करणारे विष स्वतःत साठवतात. म्हणजे एकाच रानात एका झाडावरची अळी चालेल आणि शेजारच्या झाडावरची नाही.

‘पिढ्यान्पिढ्या खातात’ हाही पुरेसा पुरावा नाही. नायजेरियात ॲनाफे नावाच्या रेशीम पतंगाचे कोष (म्हणजे कोषातला किडा) प्रथिनांसाठी खाल्ले जातात. त्यांच्यात ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारे विकर (एन्झाइम) आहे आणि ते उष्णतेत टिकते. आधीच आहारात ब-१ कमी असलेल्या लोकांना कोषांच्या हंगामात तोल जाणे, हातपाय थरथरणे असा त्रास दर वर्षी होत असे. थायमिन (म्हणजेच ब-१) दिल्यावर रुग्ण सुधारत.

आणि माणसाने केलेली घाण वेगळीच. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे काउंटीत मुलांच्या रक्तात शिसे का सापडते याचा माग काढत गेल्यावर मेक्सिकोच्या ओआहाकाहून आलेले सुके नाकतोडे हे एक कारण निघाले. टोळधाडीतले टोळ तर हाताला लागले तरी सोडून द्या. धाडीवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असते, आणि आज इथे उतरलेला थवा काल कुठे फवारला गेला हे सांगणारे कोणी नसते.

प्रश्न : जत्रेत तळलेले किडे खाऊन आमच्यातल्या पाच-सहा जणांचे चेहरे लाल झाले, डोके दुखले, छाती धडधडली. सगळ्यांना एकदम ॲलर्जी कशी?

उत्तर : सगळ्यांना एकदम झाले, यातच उत्तर आहे. ॲलर्जी पंगतीत एखाद्याला होते. एकाच ताटातले खाऊन अनेकांना तासाभरात असे झाले तर हिस्टामीनचा, म्हणजे ॲलर्जीसारखी लक्षणे उठवणाऱ्या रसायनाचा, संशय आधी घ्यावा. किडा मेल्यावर उबेत पडून राहिला की जंतू त्याच्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामीन बनवतात. शिळ्या माशांमध्ये होते तसेच. थायलंडमध्ये तळलेल्या कीटकांतून अशी विषबाधा नोंदली गेली आहे. तळण्याने जंतू मरतात, हिस्टामीन तसेच राहते, चवीलाही फारसे कळत नाही. त्यामुळे विक्रेत्याला तेल ताजे आहे का हे विचारण्यापेक्षा, माल तळण्याआधी बर्फात होता की टोपलीत, हे विचारलेले बरे. त्रास बहुधा काही तासांत ओसरतो, पण धाप लागली तर थांबू नका.

प्रश्न : रातकिड्याच्या पुडीवर ‘प्रथिने ६५ टक्के’ लिहिले आहे. खरे मानायचे का?

उत्तर : पूर्ण नाही. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. किड्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, तोही प्रथिनांच्या खात्यात जमा होतो. अख्ख्या अळ्यांवरच्या एका अभ्यासात ४.७६ हा गुणक अधिक बरोबर ठरला. त्या हिशेबाने ६५ चे ५० टक्क्यांच्या आसपास होतात. फसवणूक नव्हे, रूढ पद्धत आहे. पण आहार आखताना ५० धरा. कायटिन म्हणजे तंतुमय पदार्थ, त्यातले बरेचसे न पचता जाते. एकदम जास्त खाल्ले तर पोट गच्च होते. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी किडे मांसाच्याच हिशेबात धरावेत, युरिक ॲसिड वाढवणारे प्युरिन त्यांतही असते.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. नकळत किडे खाल्ले जातात हे खरे का?

उत्तर : खरे. वेष्टनावर ‘ई १२०’ या क्रमांकाने लिहिलेला लाल रंग कोचिनियल किड्यापासून होतो आणि काहींना त्याची गंभीर ॲलर्जीही येते. ई ९०४ म्हणजे लाख. पिठात, मसाल्यांत किड्यांचे कण शून्य असणे शक्य नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ५० ग्रॅम गव्हाच्या पिठात सरासरी ७५ कण ही कारवाईची मर्यादा ठेवली आहे. हा मुद्दा स्वच्छतेचा आणि तुमच्या तत्त्वाचा. आरोग्याला एवढ्याने धोका नाही.

प्रश्न : टोळाचे पाय काढायलाच हवेत का? वेळखाऊ काम आहे.

उत्तर : हवेत. मागच्या मोठ्या पायांवर करवतीसारखे काटे असतात. ते पचत नाहीत, एकमेकांत अडकून आतड्यात गोळा धरतात. पायांसकट टोळ खाल्ल्याने आतडे तुंबून शस्त्रक्रियेपर्यंत वेळ आल्याची उदाहरणे आहेत. लहान मुलांना तर तसे देऊच नका. उकळल्यानंतर काढा, सांधे सैल होतात : मागचा पाय मांडीच्या मुळाशी धरून शरीरापासून बाहेर ओढा, पंख चिमटीत धरून मागे मोडा. मग डोके हलके पिळून सरळ ओढा. त्याच्यासोबत आतड्याचा काळपट धागा अख्खा बाहेर आला पाहिजे; मध्येच तुटला तर पोट नखाने उघडून उरलेला काढा, कडवटपणा त्यातच असतो.